आकडा खरा कशावरून?

मार्च २०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी शहरात अन्नसुरक्षा विभागाच्या एका अधिकाऱ्याने दुकानातून मॅगी नूडल्सचा नमुना घेतला. बाराबंकी लखनौपासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि राज्याच्या अन्नसुरक्षा प्रशासनाचे मुख्यालय लखनौत. पाकिटावर ‘नो ॲडेड एमएसजी’ असे लिहिलेले होते. ते खरे आहे का, एवढाच मूळ प्रश्न होता. नमुना गोरखपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि तिथे मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे एमएसजी, सापडले. कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पुढे नमुना कोलकात्याच्या केंद्रीय अन्न प्रयोगशाळेत पोहोचला. एप्रिल २०१५ मध्ये तिथला अहवाल आला. त्यात एमएसजी होतेच, शिवाय एक नवा आकडा होता: शिसे १७.२ पीपीएम.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग; एका किलोत एक मिलिग्रॅम. या प्रकारच्या अन्नासाठी शिशाची कायदेशीर मर्यादा होती २.५ पीपीएम. म्हणजे आकडा मर्यादेच्या जवळजवळ सातपट. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि हा पदार्थ तर मुलांच्याच आवडीचा. देशभर खळबळ उडाली नसती तरच नवल. राज्याराज्यांतून नमुने तपासायला गेले. दिल्ली सरकारने १३ पैकी १० नमुन्यांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे जाहीर केले. गोव्यात मात्र तपासलेले नमुने मर्यादेत निघाले. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगीचे नऊ प्रकार बाजारातून काढून घेण्याचा आदेश दिला. पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्नसुरक्षा आयुक्तांचाही आदेश निघाला. हजारो टन नूडल्स परत मागवल्या गेल्या आणि सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या गेल्या.

त्या उन्हाळ्यात बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: मॅगीत शिसे आहे की नाही? रसायनशास्त्रज्ञाला याच्या आधीचा प्रश्न विचारावा लागतो. ज्या पद्धतीने हा आकडा काढला, ती पद्धत या पदार्थातले शिसे, या पातळीला, या प्रयोगशाळेत खरोखर मोजू शकते, हे आधी कुणी सिद्ध केले होते का? या सिद्ध करण्याच्या कामाला मेथड व्हॅलिडेशन म्हणतात. तारापूर, महाड, कुरकुंभच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रण, म्हणजे क्यूसी, विभागात काम करणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द आहे. आपण त्याला पद्धतीची पडताळणी म्हणू. आपले अन्न, औषध आणि पाणी यांच्या सुरक्षिततेचा निम्मा भार या पडताळणीवर आहे, आणि तिच्याबद्दल प्रयोगशाळेबाहेर क्वचितच कुणी बोलते.

यंत्र आकडा देतेच

प्रयोगशाळेतल्या आधुनिक यंत्रांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. नमुना घातला की यंत्र आकडा देते. नमुना चुकीचा तयार केलेला असो, भांडे अस्वच्छ असो, भलताच पदार्थ शिशाची बतावणी करत असो, पडद्यावर आकडा उमटतो, तोही दशांश चिन्हासह. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते पडताळणीने ठरते.

ही गरज नवी नाही. अमेरिकेत १८८४ साली अधिकृत कृषी-रसायनशास्त्रज्ञांची संघटना स्थापन झाली, ती खतांच्या भांडणातून. एकाच खताचे पृथक्करण वेगवेगळे रसायनज्ञ वेगवेगळ्या पद्धतींनी करत, आणि आकडे जुळत नसत. शेतकऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? उपाय असा निघाला की एकच पद्धत अनेक प्रयोगशाळांना द्यायची, एकच नमुना सगळ्यांना पाठवायचा, आणि उत्तरे जुळली तरच त्या पद्धतीवर अधिकृत शिक्का मारायचा. पुढे एओएसी या नावाने ही संघटना जगभर ओळखली गेली. औषधांच्या क्षेत्रात हेच काम आयसीएच या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या ‘क्यू-टू’ या मार्गदर्शक सूत्रांनी केले. १९९० च्या दशकात ती तयार झाली, २००५ मध्ये एकत्र केली गेली आणि २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. क्षेत्र कोणतेही असो, पद्धतीला विचारायचे प्रश्न सारखेच असतात. मॅगीच्या निमित्ताने ते एकेक करून पाहू.

शिसे मोजायचे म्हणजे काय करायचे

नूडल्स आणि मसाला दळून एकजीव करतात. त्यातला साधारण अर्धा ग्रॅम तोलून तीव्र नायट्रिक आम्लात घालतात आणि बंद भांड्यात मायक्रोवेव्हने तापवतात. पीठ, तेल, मिरची, सगळे सेंद्रिय द्रव्य जळून-विरघळून जाते आणि स्वच्छ द्राव उरतो. तो अतिशुद्ध पाण्याने ठरावीक आकारमानापर्यंत पातळ करतात आणि यंत्राला देतात. ते यंत्र अणु-शोषणावर चालणारे असेल, तर शिशाचे अणू २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात ते पाहिले जाते. आयसीपी-एमएस असेल, तर हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात अणूंचे आयन करून ते वस्तुमानाप्रमाणे वेगळे मोजले जातात.

मर्यादेइतके, म्हणजे २.५ पीपीएम शिसे असलेल्या अर्ध्या ग्रॅम नमुन्यात प्रत्यक्ष शिसे असते १.२५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा जवळजवळ आठशेवा हिस्सा. इतके थोडे शिसे हवेतल्या धुळीतून, काचेच्या भांड्यातून किंवा स्वस्त आम्लातूनही नमुन्यात येऊ शकते. हा धडा जगाला क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिला. पृथ्वीचे वय काढण्यासाठी तो दगडांतले आणि अशनींतले शिसे मोजत होता, आणि आकडे काही केल्या जुळेनात. अखेर त्याच्या ध्यानात आले की आपण मोजतो आहोत त्यातले बरेचसे शिसे दगडातले नसून प्रयोगशाळेतल्या हवेतले, भांड्यांतले, रसायनांतले आहे. त्याने प्रयोगशाळा अक्षरशः घासून-पुसून काढली, गाळलेली हवा आत खेळवली, आम्ले स्वतः शुद्ध केली. १९५६ मध्ये पृथ्वीचे ४५५ कोटी वर्षांचे वय त्याने जाहीर केले ते या स्वच्छतेच्या बळावर. पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध तो लढला, त्यामागेही हाच अनुभव होता.

म्हणूनच पडताळणीची पहिली पायरी असते ब्लँक. नमुना न घालता बाकी सगळे तसेच करायचे: तेच आम्ल, तेच भांडे, तोच वेळ. शेवटी यंत्र जो आकडा दाखवते तो आपल्या स्वतःच्या घरातला मळ. असे अनेक ब्लँक केल्यावर त्यांची सरासरी आणि चढउतार कळतात. ज्या अहवालामागे ब्लँकची नोंद नाही, त्यातले शिसे नमुन्यातले की प्रयोगशाळेतले, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरी अडचण मसाल्याची. मसाल्याच्या पुडीत भरपूर मीठ असते. अणु-शोषणाच्या ग्राफाइट भट्टीत हे मीठ उकळून धूर होते. तो धूरही प्रकाश अडवतो, आणि यंत्र त्या अडलेल्या प्रकाशाला शिसे समजू शकते. उलट, मिठातल्या क्लोराइडमुळे शिसे वेळेआधी उडून गेले, तर आकडा कमी येतो. यावर उपाय आहेत. पॅलेडियम किंवा फॉस्फेटची संयुगे मिसळून शिशाला भट्टीत धरून ठेवतात आणि धुराचा परिणाम वजा करण्याची सोय यंत्रात करतात. पण ते उपाय या मसाल्याला पुरतात का, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पिण्याच्या पाण्यातले शिसे बिनचूक मोजणारी पद्धत मसाल्यात साफ चुकू शकते. त्यामुळे ‘आमच्याकडे शिसे मोजण्याची प्रमाणित पद्धत आहे’ एवढे उत्तर अपुरे असते. कोणत्या पदार्थातले शिसे, हे सांगावेच लागते.

मग ती पद्धत या पदार्थात खरे सांगते, हे सिद्ध कसे करायचे? दुकानदाराचा काटा जसा शिक्क्याच्या वजनाने तपासतात, तशी पद्धतही आपल्याला उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर तपासायची. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रमाणित संदर्भद्रव्याचा. त्यातल्या घटकांचे प्रमाण राष्ट्रीय मापनसंस्थांनी फार काळजीपूर्वक ठरवलेले असते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने अशी द्रव्ये तयार होतात. दुसरा मार्ग स्पाइकचा. समजा, मसाल्यात आपण मुद्दाम २.५ पीपीएम शिसे मिसळले, सगळी प्रक्रिया केली आणि मूळ नमुन्यातले शिसे वजा जाता २.३ पीपीएम परत मिळाले. तर रिकव्हरी ९२ टक्के. एवढ्या कमी प्रमाणासाठी साधारण ८० ते ११० टक्के रिकव्हरी समाधानकारक मानतात. १.२ पीपीएमच परत मिळाले, तर निम्म्याहून जास्त शिसे वाटेत कुठेतरी हरवते आहे आणि ती पद्धत वापरण्याजोगी नाही. औषधांच्या सूत्रांत ही चाचणी किमान तीन पातळ्यांवर, एकूण किमान नऊ वेळा करावी लागते. कारण एका पातळीवर खरे बोलणारी पद्धत दुसरीवरही खरे बोलेलच, असे गृहीत धरता येत नाही.

पातळ्यांचा हा मुद्दा आपल्या नियमांतही दिसतो. त्या काळच्या नियमांत तान्ह्या बाळांच्या अन्नासाठी शिशाची मर्यादा ०.२ पीपीएम, वेगळा उल्लेख नसलेल्या पदार्थांसाठी २.५, आणि हळदीसाठी १० पीपीएम होती. म्हणजे एकाच प्रयोगशाळेला पन्नासपट पसरलेल्या टप्प्यात विश्वासाने मोजता यायला हवे. त्यासाठी माहीत असलेल्या किमान पाच प्रमाणांचे द्राव मोजून, प्रमाण आणि यंत्राचा प्रतिसाद यांचा आलेख काढतात. तो सरळ रेषेत येतो तिथवरच पद्धतीचा शब्द चालतो. इथे नवख्या विश्लेषकाची एक फसगत हमखास होते. सगळ्या बिंदूंचा सहसंबंध ०.९९९ आला की तो निर्धास्त होतो. पण मोठ्या प्रमाणांचे बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतात आणि खालच्या टोकाला ती रेष वीस-तीस टक्क्यांनी चुकत असली तरी सहसंबंध छान दिसतो. बाळाच्या अन्नाची मर्यादा नेमकी त्या खालच्या टोकाला असते. म्हणून प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर पडला, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

किती फरक क्षम्य?

तोच नमुना, तीच पद्धत, तोच माणूस; तरीही सहा वेळा मोजले तर सहा थोडी वेगळी उत्तरे येतात. त्यांचा पसारा टक्केवारीत सांगतात, त्याला प्रयोगशाळेत आरएसडी म्हणतात. मग माणूस बदलतात, दिवस बदलतात, यंत्र बदलतात आणि पसारा पुन्हा मोजतात. शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच नमुना देतात. प्रत्येक पायरीला पसारा थोडा वाढतो. तो किती वाढला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हा पडताळणीचा गाभा आहे.

अन्नाच्या विश्लेषणात वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये किती फरक पडणे स्वाभाविक आहे, याचे एक सुंदर उत्तर विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९८० मध्ये दिले. एओएसीच्या कितीतरी वर्षांच्या सामूहिक चाचण्यांचे निकाल त्याने एकत्र मांडले, तेव्हा दिसले की फरक प्रामुख्याने एकाच गोष्टीवर अवलंबून असतो: पदार्थाचे प्रमाण किती कमी आहे. शुद्ध पदार्थाला दोन टक्क्यांच्या आसपास, एक पीपीएमला सुमारे १६ टक्के, आणि त्याच्याही हजाराव्या भागाला सुमारे ४५ टक्के. पदार्थ कोणता, यंत्र कोणते, याला त्यामानाने कमी महत्त्व. आलेख काढला की तो तुतारीच्या तोंडासारखा उघडत जातो, म्हणून त्याला हॉर्विट्झची तुतारी म्हणतात.

हे सूत्र २.५ पीपीएमला लावले तर सुमारे १४ टक्के फरक येतो. म्हणजे चांगल्या दोन प्रयोगशाळांपैकी एकीने २.३ आणि दुसरीने २.७ सांगितले, तर त्यात कुणाचीही लबाडी शोधू नये. पण एकीकडे १७.२ आणि दुसरीकडे मर्यादेच्या आत, इतके अंतर नेहमीच्या पसाऱ्यात बसत नाही. मग दोनच शक्यता उरतात: नमुने मुळातच वेगळे होते, किंवा कुठल्या तरी टेबलावर मोजणी बिघडली होती. यांपैकी कोणती खरी, हे ब्लँक, रिकव्हरी आणि संदर्भद्रव्याच्या नोंदी सांगू शकतात. आकडा एकटा ते सांगू शकत नाही.

हॉर्विट्झच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट उघड होते. ज्या अहवालात नुसते ‘२.६’ लिहिले आहे, तो अपुरा आहे. ‘२.६, अधिक-उणे ०.३’ असे लिहिले की कळते, खरे प्रमाण मर्यादेच्या आतही असू शकते. अशा वेळी संशयाचा फायदा कुणाला द्यायचा, ग्राहकाला की उत्पादकाला, हा नियम मोजण्याआधी ठरलेला असावा लागतो. आकडा पाहून नियम ठरवला, तर न्याय होत नाही.

हवा तोच पदार्थ मोजला का?

आता मूळ प्रश्नाकडे, एमएसजीकडे वळू. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शैवालाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिले. ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनांचा एक नेहमीचा घटक आहे. टोमॅटोत, जुन्या मुरलेल्या चीजमध्ये ते मोकळ्या रूपात भरपूर असते. नूडल्सच्या मसाल्यात कांद्याची पूड आणि शेंगदाण्याच्या प्रथिनाचे विघटन करून केलेली पूड असते; त्यांतूनही ते येते.

प्रयोगशाळा मसाला पाण्यात ढवळते आणि विरघळलेले ग्लुटामेट मोजते. ती मोजणी कितीही अचूक असली, तरी हे ग्लुटामेट कांद्यातून आले की कारखान्यात पोत्यातून ओतले, हे तिला सांगता येत नाही. दोन्ही रेणू अगदी एकच आहेत. पाकिटावरचा दावा मात्र ‘वरून घातलेले नाही’ असा होता. म्हणजे पद्धत एका प्रश्नाचे उत्तर देत होती आणि कायदा दुसराच प्रश्न विचारत होता.

पडताळणीतला हा सर्वांत खोल प्रश्न आहे. पद्धतीची विशिष्टता तपासताना विचारायचे असते: जे मोजायचे आहे, तेच आणि तेवढेच ही पद्धत मोजते का? औषधाच्या गोळीत मूळ औषध आणि त्याचा बिघडलेला अंश यंत्राच्या आलेखातल्या एकाच शिखरात लपला, तर मुदत संपलेली गोळीही ताजी ठरते. म्हणून औषध प्रयोगशाळेत गोळी मुद्दाम उष्णता, आम्ल, प्रकाश यांनी बिघडवतात आणि पद्धत बिघडलेले अंश वेगळे दाखवते का ते पाहतात. ग्लुटामेटच्या बाबतीत तसे वेगळे दाखवणे शक्यच नव्हते. ३१ मार्च २०१६ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे लेखी मान्य केले. एमएसजी वरून घातले की नैसर्गिक आहे, हे ठरवणारी विश्लेषण-पद्धत सध्या उपलब्ध नाही, म्हणून केवळ प्रयोगशाळेत ते सापडले एवढ्यावरून खटले भरू नयेत, कारखान्याची पाहणी करावी, असे त्याने कळवले. बाराबंकीचे पाकीट उचलण्याआधी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पुढचा बराचसा गोंधळ टळला असता.

‘आढळले नाही’ म्हणजे किती?

सदोष पद्धत निर्दोष माणसाला अडकवते, तशी ती दोषीला सोडूनही देते. याचे उदाहरण लखनौच्याच इतिहासात आहे. नवाबांच्या छत्तर मंझिल राजवाड्यात १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि गोमतीकाठचे हे शहर रसायन आणि औषधविज्ञानाचे केंद्र बनले. १९६५ मध्ये सिब्ते हसन झैदी यांनी इथेच औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्र उभे केले. आज ते भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तिथे सुभाष खन्ना, मुकुल दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे एका भेसळीचा माग काढला: मोहरीच्या तेलात मिसळल्या जाणाऱ्या पिवळ्या धोत्र्याच्या तेलाचा.

पिवळा धोत्रा आपल्याकडे पडीक रानात, रस्त्याकडेला सर्रास दिसतो. काटेरी पाने, पिवळीधमक फुले. त्याचे बी मोहरीसारखेच दिसते. पण त्याच्या तेलात सँग्विनारीन नावाचे विष असते. ते पोटात गेले की पायांवर सूज चढते, धाप लागते, काचबिंदू होऊ शकतो, हृदय निकामी होऊ शकते. या आजाराला एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. ऑगस्ट १९९८ मध्ये दिल्लीत त्याची मोठी साथ आली आणि ६० हून अधिक माणसे दगावली.

या भेसळीची जुनी चाचणी सोपी आहे. तेलात तितकेच तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवायचे. आम्लाचा थर लालसर-तपकिरी झाला की भेसळ. मात्र धोत्र्याचे तेल सुमारे पाव टक्का असेल तरच हा रंग दिसतो. पाव टक्का म्हणजे किलोभर तेलात अडीच ग्रॅम. त्याहून कमी असले तर चाचणी ‘नाही’ म्हणते. कायदा म्हणतो, खाद्यतेलात धोत्र्याचे तेल मुळीच नसावे. म्हणजे कायद्यातले शून्य आणि परीक्षानळीतले शून्य यांत अडीच ग्रॅमची फट. रोज त्याच तेलात शिजवून खाणाऱ्या कुटुंबाला या फटीतून विष पोहोचू शकते. म्हणून थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, एचपीएलसी अशा कितीतरी कमी प्रमाण पकडणाऱ्या पद्धती आल्या, आणि लखनौच्या संस्थेने जागेवर वापरता येईल असे झटपट किटही तयार केले.

पद्धतीची शोधमर्यादा म्हणतात ती हीच. यंत्राच्या बाबतीत तिचा ढोबळ नियम असा: यंत्राची उगाचची कुजबुज जेवढी, तिच्या तिप्पट उंचीचा संकेत मिळाला तर पदार्थ ‘आहे’ म्हणता येते, दहापट मिळाला तरच ‘इतका आहे’ म्हणता येते. या दोन रेषांच्या मधला पदार्थ ओळखता येतो, पण त्याला आकडा देता येत नाही. म्हणून ज्या अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून शेजारी शोधमर्यादा दिलेली नाही, तो अहवाल आपल्याला काहीच सांगत नाही. हाच नियम किटलाही लागू आहे: शंभर भेसळयुक्त नमुन्यांपैकी ते किती चुकवते आणि शंभर शुद्ध नमुन्यांपैकी कितींवर खोटा आळ घेते, हे मोजलेले असेल तरच बाजारपेठेत त्याचा उपयोग.

शेवटची कसोटी दणकटपणाची. लखनौच्या मे महिन्यातल्या उकाड्यात, वीज ये-जा करत असताना, दुसऱ्या कंपनीचे आम्ल वापरून तीच पद्धत चालेल का? डब्ल्यू. जे. यूडन या संख्याशास्त्रज्ञाने यासाठी एक हुशार आराखडा दिला. तापमान, वेळ, आम्लाचे प्रमाण असे सात घटक थोडे थोडे मुद्दाम बदलायचे, पण प्रत्येकासाठी वेगळे प्रयोग न करता फक्त आठ प्रयोगांत सगळ्यांचा परिणाम एकदम काढायचा. ज्या घटकाने आकडा हलतो, त्याच्यावर लिखित पद्धतीत कडक बंधन घालायचे.

न्यायालयाने काय पाहिले

मॅगीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती बर्जेस कुलाबावाला यांनी बंदीचे आदेश रद्द केले. कंपनीची बाजू न ऐकता बंदी घातली, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या विषयाचे आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे नमुने एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या आणि अधिसूचित प्रयोगशाळेतच तपासायला हवेत. ज्यांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्या प्रयोगशाळांपैकी काहींना मान्यता नव्हती, काही अधिसूचित नव्हत्या, आणि काहींना मान्यता असली तरी ती या पदार्थातले शिसे तपासण्यासाठी नव्हती. न्यायालयाने हैदराबाद, मोहाली आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये निकाल आले: तपासलेल्या ९० नमुन्यांत शिसे मर्यादेच्या आत. नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आधीचे सगळे आकडे खोटे होते, असे त्याने सिद्ध केले नाही. पद्धत आणि प्रयोगशाळा यांची पात्रता सिद्ध नसेल, तर त्या आकड्यांवर कुणाला शिक्षा करता येत नाही, एवढेच त्याने सांगितले. आणि ते पुरेसे महत्त्वाचे आहे. एनएबीएल मान्यता देते ती आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. त्या मान्यतेला जोडलेली यादी फार बारकाईने वाचावी लागते: कोणता पदार्थ, त्यातला कोणता घटक, कोणत्या पद्धतीने, कोणत्या टप्प्यात. भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेले असले, तरी त्या यादीत नसलेल्या मोजणीला त्याचा आधार मिळत नाही.

कायद्याने नमुन्याचे चार भाग करायला सांगितले आहे, तेही याच विचाराने. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन राखून ठेवले जातात, आणि उत्पादकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. कोणताही आकडा दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे काढता आला पाहिजे, हे तत्त्व विज्ञानाचे आहे आणि न्यायाचेही.

पडताळणीला वेळ लागतो, महागडी संदर्भद्रव्ये लागतात, कुशल माणसे लागतात. साथ आली की, बातमी फुटली की, लोकांना उत्तर उद्या हवे असते. म्हणून हे काम शांततेच्या काळात करून ठेवायचे असते. ज्या राज्याने आपल्या प्रयोगशाळेत शिसे, धोत्र्याचे तेल, कीटकनाशके यांच्या पद्धती आधीच पडताळून ठेवल्या आहेत, ते राज्य संकटाच्या दिवशी दोन दिवसांत असा आकडा देऊ शकते जो कंपनीच्या वकिलासमोर आणि आजारी मुलाच्या आईसमोर सारखाच टिकेल. ज्याने हे केलेले नाही, तिथे दोषी उत्पादक तांत्रिक मुद्द्यावर सुटतो आणि निर्दोष उत्पादक वर्तमानपत्रात बुडतो. दोन्ही वेळा नुकसान होते ते ग्राहकाचे, कारण पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही तो विश्वास ठेवत नाही.

यापुढे पाणी, दूध, मसाले किंवा औषध यांच्याबद्दलचा एखादा अहवाल हाती आला, तर त्यात पाच गोष्टी शोधा: कोणत्या पदार्थासाठी पडताळलेली पद्धत वापरली, तिची शोधमर्यादा किती, आकड्याची अनिश्चितता किती, रिकव्हरी किती, आणि त्याच मोजणीसाठी प्रयोगशाळेला मान्यता आहे का. या पाचही गोष्टी विचारण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे. नगरपालिकेत, ग्रामसभेत, ग्राहक मंचात त्या विचारल्या जाऊ लागल्या, की प्रयोगशाळांना पडताळणीसाठी पैसा आणि माणसे देणे सरकारांना टाळता येणार नाही.